ओळ पडू द्यायची नसते

आमच्या गावात गाणं ऐकायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. हळ्ळीखेडच्या मठात दर सोमवारी संध्याकाळी भजन असतं आणि येणारा प्रत्येक जण काही ना काही घेऊन येतो. कुणाच्या पिशवीत टाळांची जोडी, कुणाकडं खंजिरी. ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं निदान टाळ्या तरी वाजवायच्या. हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत बसलेला माणूस म्हणजे एक तर कुणाचा तरी नवा जावई, नाही तर दुखणाईत.

त्याहून मोठा नियम ओळीचा. पुढं बसलेला ओळ म्हणतो आणि शेवटी सोडून देतो. सोडली की बाकीच्यांनी ती उचलायची. सुरात असो नसो, उचलायची. कुणी उचललीच नाही तर 'ओळ पडली' म्हणतात, आणि ओळ पडणं हा म्हणणाऱ्याचा अपमान. हा शब्द आमच्याकडं मठाबाहेरही चालतो. एखाद्यानं चारचौघांत काही चांगलं बोलावं आणि कुणी हूं की चूं करू नये, तर घरी येऊन बायका म्हणतात, बिचाऱ्याची ओळ पडली.

माझे अप्पा, म्हणजे वडील, उचलणाऱ्यांतले पहिले. घरचा तुरीच्या डाळीचा व्यापार, आवाज बाजारात कमावलेला. त्यांनी ओळ उचलली की मठाच्या पायरीवरची कुत्री उठून बसायची. आणि पुढं बसून ओळ सोडणारी मी. लहान असताना एका सोमवारी पुढं बसणाऱ्या आजोबांचा घसा बसला, म्हणून मला बसवलं. पुढं त्यांचा घसा मोकळा झाला तरी मी काही उठले नाही. माझा आवाज चांगला आहे हे मला कुणी सांगायची गरज कधी पडली नाही. विनय हा गुण माझ्यात थोडा कमीच आहे. आईच्या मते मुळीच नाही.

बारावी झाल्यावर मी घरात जाहीर केलं की मी कलबुर्गीच्या कॉलेजात गाणं घेणार. मैफल असते कशी हे मी तोवर फक्त मोबाइलवर पाहिलं होतं, तेही कानात बोंडं घालून, तुकड्यातुकड्यांनी. पण तेवढ्यावर माझं पक्कं झालं होतं. मी शिक्षिका व्हावं असं आईला वाटत होतं आणि त्यासाठी कोणता अर्ज कुठं मिळतो तेही तिनं विचारून ठेवलं होतं. अप्पा चिडले नाहीत. ते मनापासून हसले.

"गाणं शिकायला जातीस?" ते म्हणाले. "तुला येतंय की."

त्यांच्या दृष्टीनं ते कॉलेजात जाऊन जेवायला शिकण्यासारखं होतं. गाणं सगळ्यांना येतं, कुणाला बरं, कुणाला वाईट. पुढचे कितीतरी दिवस मी जेवताना भांडले, झाडताना भांडले, दुकानात डबा द्यायला गेले की गिऱ्हाइकांसमोर भांडले. अप्पा ढिम्म. शेवटी मी त्यांना त्यांच्याच धंद्यात पकडलं. वानगी बघितल्याबिगर कधी माल परत केलाय का, असं विचारलं.

वानगी म्हणजे पोत्यातून काढलेला मूठभर नमुना. अप्पांची वानगी बघायची एक रीत आहे. डाळ तळहातावर घ्यायची, हलकी फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा, डोळे मिटून क्षणभर थांबायचं आणि उरलेली डाळ न बोलता पोत्यात टाकायची. भाव त्यानंतर. वानगी न बघता अप्पांनी आजवर हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. त्यामुळं माझा बाण बरोबर लागला. हातातली तागडी त्यांनी खाली ठेवली.

त्याच सुमारास आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं की रविवारी सकाळी कलबुर्गीत एक मोठी मैफल आहे, धारवाडकडच्या एक नामवंत गायिका येणार आहेत. अप्पांनी सौदा ठरवला. वानगी पटली तर कॉलेज. नाही पटली तर आईचं ऐकायचं, आणि मग जन्मभर त्यावर कुरकुर करायची नाही. मी लगेच हो म्हटलं. हरायची शक्यता माझ्या डोक्यात आलीच नाही.

रविवारी पहिल्या बसनं हुमनाबाद आणि तिथून कलबुर्गी. अप्पा अजून गुलबर्गाच म्हणतात. त्यांचं गुलबर्गा म्हणजे गंज, धान्याचा बाजार, आणि गंजातली एक खानावळ. त्यापलीकडच्या शहरात त्यांचं कधी काही काम पडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी लग्नकार्यातला कोट घातला होता. बसमधून उतरून चालायला लागलो तसा त्यांच्या कोटातून बारीक आवाज यायला लागला. किण, किण.

"अप्पा, खिशात काय हाय?"

"टाळ."

"कामून आणलाव?"

"गाण्याला चाललोय की," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरून आले होते.

मी त्यांना समजावलं की इथं ऐकणारे वाजवत नाहीत, नुसते बसतात. सगळेच जावई म्हणायचे का मग, असं त्यांनी विचारलं. तरी माझ्या आग्रहाखातर बघू म्हणाले. अप्पांचा 'बघू' मी चांगला ओळखून होते, पण सभागृह समोर आलं होतं आणि माझं लक्ष उडालं.

दारातच त्यांनी चपला काढल्या. मठात काढतात तशाच, भिंतीला लावून नीट ठेवल्या. लोक बूट घालून, टाचा वाजवत आत जात होते. बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकानं चपला घाला म्हणून सांगितलं, तर गाणं हाय ना आत, असं म्हणून अप्पा अनवाणीच पुढं गेले. मग मलाही माझ्या काढाव्या लागल्या. त्या भल्यामोठ्या भिंतीशी आमच्या दोनच जोड्या होत्या.

गायिका वयस्कर होत्या. सुती लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, आणि चेहरा असा की बाजारात भेटल्या असत्या तर कुणी वळून बघितलं नसतं. बसल्या आणि तानपुरे जुळवायला लागल्या. ते जुळवणं संपेचना. अप्पांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं की एवढ्या लांबून येणाऱ्यानं घरून जुळवून आणायचं असतं. मी डोळे वटारले.

मग ते दोन्ही तानपुरे एकदम लागले, आणि मी सरळ बसले.

मोबाइलमधून हे आलंच नव्हतं. तो आवाज कानात नव्हता, खुर्चीच्या हातात होता. माझं कोपर त्यावर टेकलं होतं आणि कोपराला कळत होतं. बाईंनी नुसता सा लावला. त्यात कसलीही कारागिरी नव्हती, शब्द नव्हता, फक्त एक सूर. तो लागला आणि तिथंच राहिला. मी घरी सा लावते तेव्हा तो लागतो आणि मी पुढं पळते. यांनी तो धरून ठेवला, आणि मला एकदम कळलं की मी आजवर सा कधी लावलाच नाही. मठातली मी, पुढं बसणारी मी, जिच्या आवाजाबद्दल कुणी सांगायची गरज नव्हती ती मी. मला काहीच येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला याचं दुःख झालं असतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. एवढं शिकायचं शिल्लक आहे, म्हणजे मी इथं येणारच. कॉलेजचं कुणी काही म्हणो, माझ्या मनात प्रवेश झालाही.

पण प्रवेश अप्पांच्या हातात होता. मी हळूच बघितलं. बाईंचा ख्याल संथपणे चालला होता, आणि अप्पा अस्वस्थ. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, शब्द कधी म्हणणार हायत? मी म्हटलं, म्हणायल्यात की, हेच शब्द. दोन ओळी होत्या आणि त्या तासभर पुरणार होत्या. अप्पांनी डोक्याला हात लावला. आमच्याकडं शब्द आधी, सूर मागून धावत येतो. मी माझ्या बाजूनं प्रयत्न केले, हात हलवून समेची जागा दाखवली, भुवया उंचावल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मात्र काही वेळानं त्यांची चुळबूळ थांबली. त्यांनी डोळे मिटले, आणि दाणा दाताखाली धरल्यावर जसा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. माझा जीव जरा भांड्यात पडला.

शेवटी बाईंनी एक वचन गायला घेतलं. वचन म्हणजे कन्नडमधलं भक्तिपद, आमच्या मठात दर सोमवारी सगळ्यात आधी म्हटलं जाणारं. चाल वेगळी होती, पण शब्द ते शब्दच. अप्पांनी खाडकन डोळे उघडले. आपल्या गावचं माणूस परक्या फलाटावर दिसावं तसे ते फुलून गेले. बाईंनी पहिली ओळ म्हटली, फिरवली, आणि शेवटचे शब्द ओठांवर आणून सोडून दिले. पेटीवाल्यानं ती जागा भरायला बोटं टाकली.

आणि अप्पांनी ओळ उचलली.

पूर्ण आवाजात, डाळीच्या लिलावाच्या आवाजात, टाळांसकट. टाळ खिशातून कधी बाहेर आले मला कळलंही नाही. सगळं सभागृह मागं वळलं. पेटी थांबली, तबलजीच्या हातून एक बोल निसटला. बाईंनी डोळे उघडून आमच्या दिशेनं बघितलं. त्या रागावल्या नाहीत आणि हसल्याही नाहीत. चष्मा सारखा केला आणि पुढची ओळ सुरू केली.

बिल्लेवाला स्वयंसेवक धावत आला. त्यानं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कन्नडमधून कुजबुजला की गप्प बसा, नाही तर बाहेर चला. माझे कान तापले. मी त्याला कन्नडमधूनच सांगितलं की आधी हात काढ. हे माझे वडील आहेत, गाणं ऐकायला आले आहेत, आणि आता ते म्हणणार नाहीत. हात काढेपर्यंत मी त्याच्याकडं बघतच राहिले. त्यानं काढला. पुढच्या रांगेत बसलेल्या एका बाईंनी पुन्हा एकदा वळून बघितलं, तेव्हा मी त्यांच्याकडंही बघितलं.

अप्पा मात्र अपमानानं नाही, खरोखर कोड्यात पडून माझ्याकडं वळले.

"न्हाई उचलायची तर त्या सोडायल्यात कामून?"

मी त्यांच्या हातातले टाळ घेऊन त्यांच्या खिशात सरकवले. उरलेलं वचन अप्पांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ऐकलं. बाईंनी ओळ सोडली की त्यांचे ओठ उघडायचे आणि मिटायचे. मला रडू येत होतं, आणि अर्धं ते माझ्यासाठी होतं. सौदा मोडला हे मला दिसत होतं. जिथं बापाच्या खांद्यावर हात पडला, तिथं कोणता बाप मुलीला पाठवील?

टाळ्या पडल्या तेव्हा अप्पांनी उभं राहून लांबूनच बाईंना हात जोडले आणि बाहेर पडले. भिंतीशी चपला जशाच्या तशा होत्या. तिथून आम्ही गंजापर्यंत चालत गेलो, त्यांच्या खानावळीत. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगाची चटणी. अप्पा मान खाली घालून जेवत होते. मी मनात वाद रचत होते. तो स्वयंसेवक म्हणजे कॉलेज नव्हे, चूक त्याची, वचन त्यांनी घेतलंच कशाला, असं बरंच काही. माझ्याकडं वाद कधी कमी पडत नाहीत. पण भाकरी ताटात तशीच होती.

अप्पांनी वरण संपवलं, पाणी प्यायले, आणि भाव सांगताना बोलतात त्या आवाजात म्हणाले, "माल चोख हाय. असा माल मी बघितला न्हाई."

मी भाकरीचा तुकडा मोडून घेतला.

"पण बाई एकटी हाय गं," ते म्हणाले. "एवढी मोठी बाई, एवढी माणसं म्होरं. ओळ सोडायली, कुणी उचलंना. मग आपणच सोडायली, आपणच उचलायली. मला लई वाईट वाटलं बघ."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की तिथं गप्प बसणं हाच मान असतो, लोक मनातल्या मनात उचलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. असंल, म्हणाले. मनातल्या मनात जेवून पोट भरतं का, असं मात्र त्यांनी विचारलं नाही, पण त्यांनी ताटाकडं असं बघितलं की मला ते ऐकू आलं.

"तू शीक," अप्पा म्हणाले. "तिथं शीक, चांगलं शीक. पण सोमवारी गावात यायचं. शिकलेलं मठात म्हणायचं. तिकडं कुणी उचलंना झालं तरी इथं तुझी ओळ उचलायला आमी हाव."

मी ताटातल्या वरणात रडले, आणि खानावळवाल्यानं चटणी तिखट झाली का म्हणून विचारलं.

मी शिकले. सोमवारी तास संपला की बस धरायची आणि संध्याकाळी मठात पुढं बसायचं, हे मी कॉलेज संपेपर्यंत चुकवलं नाही. माझ्या गुरूंना ते अजिबात पसंत नव्हतं. भजनात ओरडून गळा जातो, असं ते म्हणायचे. मी त्यांचं बाकी सगळं ऐकलं, हे नाही. मठात मी नवीन शिकलेलं म्हणायचे आणि मंडळी प्रत्येक गोष्ट उचलायची, आलाप उचलायची, तानही उचलायची. त्या तानेचं पुढं काय व्हायचं ते सांगण्यात अर्थ नाही. पण पडली एकही नाही.

पुढं मी गायला लागले, लोक बोलवायला लागले. अप्पा जमेल तिथं यायचे. आणि मैफलीच्या रीतीभाती ते माझ्यापेक्षा लवकर शिकले. चपला घालून आत जाणं, मोबाइल बंद करणं, टाळी कुठं वाजवायची आणि कुठं नाही. पहिल्यांदा आईला घेऊन आले तेव्हा सारा वेळ तिला दबक्या आवाजात समजावत होते की इथं म्हणायचं नसतं. मी रंगमंचावरून बघत होते. शहाणे झाले अप्पा, असं वाटून मला हसू आलं होतं.

गेल्या वर्षी त्याच सभागृहात माझं गाणं झालं. तेच दार, तीच भिंत. अप्पा आता थकले आहेत. मठात हल्ली ओळ दुसरेच आधी उचलतात, त्यांचा आवाज मागून येऊन पोचतो. त्या दिवशी ते दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते, तोच जुना कोट घालून.

सकाळचा ख्याल छान रंगला, हे मीच सांगते, कारण ते खरं आहे. शेवटी मी तेच वचन घेतलं, मठातल्या चालीवर. पहिली ओळ म्हटली, फिरवली, आणि सवयीनं सोडून दिली. पेटीवाल्यानं जागा सुरेख भरली. लोकांनी माना डोलावल्या. पुन्हा म्हटली, पुन्हा सोडली, पुन्हा पेटी. सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं. मी अप्पांकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. ओठ उघडत होते आणि मिटत होते.

इतकी वर्षं मी गात होते, पण बाई एकटी हाय म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. समोर भरलेलं सभागृह होतं आणि माझी ओळ माझ्याच पायाशी पडत होती.

मी पेटीवाल्याला हातानं थांब म्हणून खुणावलं. ओळ म्हटली आणि सोडली. कुणीच ती जागा भरली नाही. लोकांना वाटलं मी शब्द विसरले.

"अप्पा," मी माईकमधून म्हटलं, "ओळ पडायली."

सगळं सभागृह माझ्या नजरेच्या दिशेनं वळलं. अप्पांनी आधी दाराकडं बघितलं. तिथं बिल्ला लावलेला एक जण उभा होता. तो जागेवरच उभा आहे याची खात्री करून त्यांनी मांडीखालचे हात काढले, कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि टाळ बाहेर काढले. म्हणजे इतकी वर्षं ते आले त्या प्रत्येक मैफलीला ते टाळ त्या खिशात येत होते, आणि मला त्यांचा कधी आवाजही आला नव्हता, कारण त्यांनी ते रुमालात गुंडाळले होते. रुमाल सोडायला त्यांना वेळ लागला. मी थांबले. रुमाल सुटला, त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी ओळ पुन्हा म्हटली, आणि सोडून दिली.